पीएच.डी.नंतरची उमेदवारी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त योजलेल्या माजी विद्यार्थी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



हीरक महोत्सवी वर्षात बोलण्यासाठी बोलावताना संस्थेने विषयाची निवड माझ्यावर सोपविली, याबद्दल मी प्रथम आभार मानते. अशा प्रसंगी विज्ञानाची महती सांगावी असा संकेत आहे. ती माझ्यापेक्षा अधिकारी व्यक्तींनी या व्यासपीठावरून सांगितलेली आहे. म्हणून मी आज एक अगदी व्यावहारिक प्रश्न घेतला आहे. विज्ञानात पीएच.डी. पूर्ण केलेल्या तरुणाने किंवा तरुणीने विद्यापीठात, संशोधन संस्थेत पुढचे संशोधनपद कसे शोधावे, हा तो प्रश्न.

शाळेच्या सभागृहात हा विषय जरा दूरचा वाटेल. नववी-दहावीतल्या मुलांना त्या टप्प्यावर पोहोचायला बारा-पंधरा वर्षे आहेत. परंतु आपल्या शाळेतून बाहेर पडलेली काही मुले आज पीएच.डी. करीत आहेत आणि त्यांचे आईवडील या सभेत आहेत. त्यांना घरी-दारी विचारला जाणारा प्रश्नही मला ठाऊक आहे: ‘इतकी वर्षे शिकून झाली, आता नोकरी कधी?’ या प्रश्नाला नीट उत्तर देता येत नाही म्हणून कित्येक चांगली मुले नेमक्या याच वळणावर संशोधन सोडतात. त्यांच्यात बुद्धीची वाण नसते. या टप्प्याचे रीतिरिवाज त्यांना कोणी सांगितलेले नसतात, एवढेच. ज्यांच्या घरात आधीच प्राध्यापक आहेत त्यांना ते जेवणाच्या ताटावर ऐकायला मिळतात. बाकीच्यांनी ते कोठून ऐकावेत? माझ्या मते हे काम शाळेने आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी करण्याजोगे आहे.

प्रथम या पदाचे स्वरूप सांगते. पीएच.डी.नंतर दोन-तीन वर्षे, कधी त्याहून अधिक काळ, दुसऱ्या प्रयोगशाळेत पगारी संशोधक म्हणून काम करणे याला ‘पोस्ट-डॉक्टरल’ संशोधन म्हणतात. बोलण्यात त्याला ‘पोस्टडॉक’ असे म्हणतात. ही पदवी नव्हे आणि कायमची नोकरीही नव्हे. आपल्याकडे जुना शब्द आहे ‘उमेदवारी’. सुतारकामाची हत्यारे हाताळता येऊ लागली तरी पोरगा काही वर्षे दुसऱ्या मिस्त्रीकडे राहून वेगळी धाटणी शिकत असे. त्यानंतर स्वतःचे दुकान मांडत असे. पीएच.डी.त आपण मार्गदर्शकाने दिलेला प्रश्न सोडवायला शिकतो. स्वतःचा प्रश्न निवडायला माणूस शिकतो तो या उमेदवारीत. म्हणूनच आज आयसर, आयआयटी किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेत अध्यापक वा शास्त्रज्ञ निवडताना हा अनुभव बहुधा गृहीतच धरला जातो.

मी चंदीगडजवळच्या एका संशोधन संस्थेत लहानशी प्रयोगशाळा चालविते, म्हणून तेथील उदाहरणे देते. चंदीगड म्हटले की आपल्याला ल कॉर्बुझिए यांनी आखलेले सरळ रस्ते, सुखना तलाव आणि रॉक गार्डन आठवते. संशोधकाच्या दृष्टीने मात्र ते शहर वेगळ्याच कारणाने सोयीचे आहे. सेक्टर १४ मध्ये पंजाब विद्यापीठ आहे. शेजारी सेक्टर १२ मध्ये १९६२ साली स्थापन झालेली ‘पीजीआय’ ही वैद्यकीय शिक्षण व संशोधनाची संस्था आहे. सेक्टर ३० मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना आणि सेक्टर ३९ मध्ये १९८४ साली सुरू झालेली सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था आहे. या दोन्ही ‘सीएसआयआर’ च्या, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळा. शहराला लागून असलेल्या मोहालीत सेक्टर ८१ मध्ये आयसर, नॅनो विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आणि कृषी-अन्न जैवतंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था एकमेकींच्या शेजारी आहेत. पुण्याची आयसर २००६ ची, मोहालीची त्यानंतरच्या वर्षीची. रिक्षाने फिरून एका दिवसात पाहता येईल इतक्या अंतरात भौतिकी, रसायन, जीवशास्त्र, वैद्यक आणि उपकरणशास्त्र यांच्या प्रयोगशाळा आहेत. तरीही पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूर यांच्यापलीकडे आपल्या मुलांची नजर सहसा जात नाही. पोस्टडॉक शोधणाऱ्याने पहिली गोष्ट ही करावी की शहराचे नाव बाजूला ठेवून आपल्या विषयावर कोण कोठे काम करते, याची यादी करावी.

पंजाब विद्यापीठाचे मूळ लाहोरचे. फाळणीनंतर भारतात आलेले हे विद्यापीठ काही वर्षे सोलनला होते आणि मग चंदीगडला स्थिरावले. लाहोरच्या त्या जुन्या विद्यापीठाचा एक विद्यार्थी म्हणजे हरगोविंद खुराना. त्यांची कथा आपल्या विषयाशी इतकी जुळते की ती थोडी विस्ताराने सांगते.

मुलतान जिल्ह्यातील रायपूर या खेड्यात जन्मलेल्या खुरानांनी १९४५ साली लाहोरला एम.एस्सी. केले, सरकारी शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडला गेले आणि १९४८ साली लिव्हरपूल विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. त्यानंतरचे एक वर्ष त्यांनी झुरिकला व्लादिमीर प्रेलॉग यांच्या प्रयोगशाळेत काढले. तेथे त्यांना वेतन नव्हते. गाठीच्या शिलकीवर त्यांनी दिवस काढले. विज्ञानाकडे आणि परिश्रमाकडे पाहण्याची आपली दृष्टी प्रेलॉग यांच्या सहवासात घडली, असे ते पुढे आवर्जून सांगत. १९४९ च्या शरद ऋतूत ते भारतात परतले. फाळणीने घरदार उखडले गेले होते, आणि एवढ्या शिक्षणानंतरही त्यांच्याजोगे काम येथे मिळाले नाही. ते पुन्हा इंग्लंडला गेले. केंब्रिजला केनर आणि टॉड यांच्याकडे १९५० ते १९५२ अशी दोन वर्षे त्यांनी पाठ्यवृत्तीवर काम केले. प्रथिने आणि न्यूक्लिक आम्ले यांविषयीची त्यांची ओढ तेथेच रुजली. १९५२ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे स्वतंत्र काम करण्याची संधी आली, पुढे १९६० मध्ये ते अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेले. जनुकीय संकेताचा उलगडा करण्याच्या कामासाठी १९६८ साली त्यांना निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

या कथेचा शेवट नोबेलने होतो म्हणून ती सांगितली जाते. मला त्यातील मधली चार वर्षे, १९४८ ते १९५२, अधिक महत्त्वाची वाटतात. त्या वर्षांत खुराना यांच्याकडे कायमची नोकरी नव्हती आणि मायदेशी जागा नव्हती. नातेवाइकांच्या दृष्टीने ते ‘अजून स्थिरावले नव्हते.’ परंतु त्यांना विषय सापडला तो याच काळात, आणि दोन्ही वेळा त्यांनी ज्याच्याकडे शिकावे असे गुरू गाठले. एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून घेऊ नका. आज कोणी बिनवेतन काम करायला सांगितले तर नम्रपणे नकार द्या. उमेदवारी ही पगारीच असली पाहिजे.

आता पद मिळविण्याचे मार्ग सांगते. ते मुख्यतः तीन आहेत.

पहिला मार्ग प्रकल्पातील पदाचा. एखाद्या शास्त्रज्ञाला सरकारी अनुदान मिळते, त्यात ‘रिसर्च असोसिएट’ ची जागा मंजूर असते आणि तिची जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर लागते. केंद्र सरकारच्या विज्ञान विभागांनी १ जानेवारी २०२३ पासून या पदाचे मासिक दर ५८,०००, ६१,००० आणि ६७,००० रुपये असे तीन पायऱ्यांत ठरविले. घरभाडे भत्ता वेगळा. जाहिरात आणि मुलाखत यांच्यात बहुधा थोडेच दिवस असतात. म्हणून जाहिरात निघण्यापूर्वीच त्या शास्त्रज्ञाला आपले नाव माहीत असणे उपयोगी पडते.

दुसरा मार्ग स्वतःच्या नावाने पाठ्यवृत्ती मिळविण्याचा. यातील सर्वांत परिचित योजना म्हणजे राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल पाठ्यवृत्ती. ती पूर्वी ‘सर्ब’ या मंडळाकडे होती; आता ते मंडळ अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झाले आहे. पाठ्यवृत्तीची मुदत २ वर्षांची असून ३५ वर्षांची वयोमर्यादा आणि स्त्रिया व राखीव प्रवर्गातील उमेदवारांना ५ वर्षांची सवलत अशी तिची चौकट राहिली आहे. सीएसआयआर आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्याही रिसर्च असोसिएट योजना आहेत. नियम बदलतात, म्हणून त्या-त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे. मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये. राष्ट्रीय पाठ्यवृत्तीसाठी अर्ज करण्याआधीच ज्यांच्याकडे काम करायचे त्या मार्गदर्शकाची संमती लागते. संमती मागायची आणि शोधप्रस्ताव लिहायचा, तर हातात सहा महिने हवेत. प्रबंध सादर झाल्यावर शोध सुरू करणारा उमेदवार येथेच मागे पडतो. शेवटचे वर्ष लागताच शोधाला लागावे, हा साधा नियम लक्षात ठेवावा.

तिसरा मार्ग परदेशाचा. जर्मनीची हुम्बोल्ट पाठ्यवृत्ती, युरोपीय संघाची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी यांच्या नावाची पाठ्यवृत्ती, जपानची ‘जेएसपीएस’, अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू या त्यांतील नावाजलेल्या. या प्रत्येकीत एक घड्याळ असते, ते पीएच.डी.च्या तारखेपासून चालू होते. हुम्बोल्टमध्ये नवख्या संशोधकाला पीएच.डी.नंतर साधारण ४ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, जपानच्या योजनेत ६ वर्षांच्या आत. ‘आधी दोन वर्षे कोठेतरी शिकवतो, मग पाहू’ असे म्हणणाऱ्याने हे घड्याळ पाहून ठेवावे. अमेरिकेत पुष्कळ पदे पाठ्यवृत्तीवाचून, थेट प्राध्यापकाच्या अनुदानातून भरली जातात. तेथे जाहिरात नसतानाही पत्र लिहून विचारण्याची रीत आहे.

पत्राचा विषय निघाला, तर त्यावर थोडे थांबते, कारण तिन्ही मार्ग शेवटी एका पत्रापाशीच येतात. आपण शाळेत विनंतीपत्र आणि मागणीपत्र शिकलो. मायना, विषय, मजकूर, शेवटी ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’. त्या वळणाची पत्रे मला आजही येतात. लिहिणारा नम्र असतो, शिकायला उत्सुक असतो, ‘कोणतेही काम करायची तयारी आहे’ असेही लिहितो. तेच पत्र पन्नास जणांना गेलेले असते, हे पहिल्या ओळीतच कळते, आणि त्याला उत्तर जात नाही. पोस्टडॉकचे पत्र ही विनंती नसते. तो एका संशोधकाने दुसऱ्या संशोधकापुढे मांडलेला प्रस्ताव असतो. चांगल्या पत्रात चार गोष्टी येतात. मी पीएच.डी.त काय शोधले, हे तीन वाक्यांत. तुमच्या कोणत्या कामाने माझे लक्ष वेधले आणि त्यातला कोणता प्रश्न मला अनुत्तरित दिसतो, हे नेमकेपणाने. मला येणारे कोणते तंत्र तुमच्या प्रयोगशाळेत उपयोगी पडेल. आणि मी कधी मोकळा होतो, पाठ्यवृत्तीसाठी अर्ज करणार आहे की नाही, माझ्याविषयी कोण लिहील. एवढे एका पानात मावते. सोबत शोधनिबंधांची यादी जोडलेले परिचयपत्र असावे. दोन-तीन आठवड्यांत उत्तर न आल्यास एकदा आठवण करावी. तरीही न आल्यास मनाला लावून न घेता पुढच्या नावाकडे वळावे. न आलेले उत्तर हा आपल्या पात्रतेवरचा निकाल नसतो. पुष्कळदा त्या माणसाकडे त्या वर्षी पैसाच नसतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते. मी एवढेच सांगेन की वरच्या चार गोष्टी ज्याच्या मनात स्पष्ट आहेत त्याचे साधे इंग्रजी चालते. ज्याच्या मनात त्या स्पष्ट नाहीत त्याचे सफाईदार इंग्रजी उपयोगी पडत नाही. आधी मराठीत लिहून पाहा. मराठीत जो प्रश्न तीन वाक्यांत सांगता येत नाही, तो अजून आपल्यालाच पुरता कळलेला नाही असे समजावे.

पत्राला होकारार्थी उत्तर आल्यावर आनंदात एक पायरी गाळली जाते. त्या प्रयोगशाळेत पूर्वी काम केलेल्या दोन-तीन जणांशी बोलावे. वेतन वेळेवर मिळते का, निबंधावर नाव न्याय्य क्रमाने येते का, येथून गेलेले लोक आज कोठे आहेत, हे विचारावे. मुलगी देताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. आयुष्याची तीन वर्षे देताना दोन दूरध्वनी करायला संकोच कसला? आणि जो कोणी पद देण्यासाठी शुल्क, अनामत किंवा ‘प्रक्रिया खर्च’ मागेल, त्याचे पत्र फसवणुकीचे समजावे. पोस्टडॉकचे पद विकत घ्यायचे नसते.

स्त्रियांविषयी वेगळे बोलणे भाग आहे. कमला सोहोनी यांना १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला होता. त्या हटल्या नाहीत, प्रवेश मिळविला आणि १९३९ साली केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. आज दार कोणी बंद करीत नाही. परंतु पोस्टडॉकचे वय आणि लग्न, बाळंतपण यांचे वय एकच असते, आणि घरातल्या दोघांपैकी कोणी गाव बदलायचे याचे उत्तर बहुतेक घरांत न विचारताच ठरलेले असते. वयाची सवलत, कारकीर्दीत खंड पडलेल्या स्त्रियांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने चालविलेल्या योजना, यांचा उपयोग करून घ्यायला संकोच वाटू देऊ नका. ती मेहेरबानी नाही. गमावलेल्या वर्षांची ती थोडीशी भरपाई आहे. आणि पालकांना माझी विनंती आहे की जावई परदेशी निघाला तर जो आनंद होतो, तोच मुलगी एकटी मोहालीला किंवा म्यूनिकला निघाली तरी व्हावा.

परत येण्याचे काय, असे पालक विचारतात. डॉ. रघुनाथ माशेलकर यांचे उदाहरण घ्या. गोव्यातील माशेल येथे जन्मलेला, मुंबईत पालिकेच्या शाळेत शिकलेला हा विद्यार्थी १९६९ साली यूडीसीटीतून पीएच.डी. झाला आणि इंग्लंडमध्ये सॅल्फर्ड विद्यापीठात संशोधनासाठी गेला. पुढे तेथेच अध्यापक झाला. १९७६ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत परतले, १९८९ साली तिचे संचालक झाले आणि १९९५ पासून सीएसआयआरचे महासंचालक. चंदीगडच्या ज्या दोन प्रयोगशाळांची नावे मी घेतली त्या याच परिषदेच्या. आज परतणाऱ्यांसाठी रामानुजन आणि रामलिंगस्वामी यांच्या नावांच्या पाठ्यवृत्त्या आहेत. देशातल्या आणि परदेशातल्या दोघांसाठी इन्स्पायर अध्यापक पाठ्यवृत्ती आहे.

तरीही मी गोड चित्र रंगवून जाणार नाही. अध्यापकांच्या जागा थोड्या आहेत आणि पोस्टडॉक करणारे पुष्कळ. एकामागून एक अल्पमुदतीच्या नेमणुका घेत चाळिशी गाठलेले गुणी लोक मी पाहिले आहेत. म्हणून प्रत्येक नेमणूक स्वीकारताना तिच्या शेवटाची तारीख वहीत लिहावी आणि त्या तारखेला आपल्या हाती काय असेल ते आधी ठरवावे: दोन निबंध, एक नवे तंत्र, स्वतःचा एक प्रश्न. औषध कंपन्या, बियाणे, संगणकीय विश्लेषण, पेटंटचे काम, विज्ञानशिक्षण, हे सारे या अनुभवाचे सन्मान्य उपयोग आहेत. प्राध्यापक झाला नाही तो फुकट गेला, असे समजणारा समाज आपल्याच मुलांचा हिरमोड करतो.

शेवटी शाळेपुढे एक प्रस्ताव ठेवते. साठ वर्षांत येथून गेलेले विद्यार्थी देशात आणि जगात कोठे-कोठे संशोधन करीत आहेत याची नोंदवही माजी विद्यार्थी संघाने तयार करावी. त्यांतील प्रत्येकाने वर्षाला दोन जणांचे पत्र आणि प्रस्ताव वाचून दुरुस्त करून द्यावा, एकाची सरावाची मुलाखत घ्यावी. यासाठी इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. माझे नाव त्या वहीत पहिले लिहावे.

आपल्या शाळेने आपल्याला विनंतीपत्र लिहायला शिकविले, ते उपकार मोठे आहेत. पुढच्या पंधरा वर्षांत येथून जाणाऱ्या मुलांना बरोबरीच्या नात्याने प्रस्ताव लिहायला आपण शिकवू या. शाळेला शताब्दीकडील वाटचालीसाठी मनःपूर्वक शुभेच्छा देते आणि आपली रजा घेते.